घारापुरीचा उत्सव आणि बेटाचा हिशेब

गेटवे ऑफ इंडियापासून दहा-अकरा किलोमीटरवर असलेले घारापुरी बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते, ही गोष्ट बेट पाहून आलेल्या अनेकांच्याही ध्यानात नसते. मुंबईकर त्याला आपल्या शहराचेच एक अंगण समजतो. साहजिकच महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने १९८९ पासून तेथे सुरू केलेला शास्त्रीय संगीत-नृत्याचा महोत्सवही शहराचाच उत्सव म्हणून ओळखला गेला. पुढे काही वर्षी त्याचे कार्यक्रम गेटवेच्या परिसरातही झाले. सहाव्या शतकातील महेशमूर्तीच्या सान्निध्यात, खाडीवरचा वारा अंगावर घेत गाणे ऐकण्याची कल्पना रम्य आहे, यात वाद नाही. वाद आहे तो या रम्यतेची किंमत कोणी मोजावी, याविषयी.

महोत्सव सुरू झाला त्या वर्षी बेटावरील राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तिन्ही वस्त्यांत महावितरणाची तार पोचलेली नव्हती. ती पोचली फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकल्यानंतर. रात्री समोर मुंबईचा झगमगाट दिसत असता गावकऱ्यांनी मात्र संध्याकाळचे काही तास चालणाऱ्या जनरेटरवर वर्षानुवर्षे भागविले. लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या विसंगतीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. वारसा जगाचा ठरला. अंधार तेवढा गावाचा राहिला.

वीज आली, तरी हिशेब मिटलेला नाही. बेटावर पाऊस कमी पडतो असे नव्हे. परंतु उन्हाळ्यात गावाला पाण्याची ओढाताण सोसावी लागते. अशा ठिकाणी एका दिवसात हजारो माणसे उतरली, तर स्वच्छतागृहाच्या नळापासून चहाच्या पातेल्यापर्यंत सारे पाणी त्याच तुटपुंज्या साठ्यातून जाते. कचऱ्याची गोष्ट याहून बिकट. शहरातला कचरा रस्त्याने गाडीत भरून दूर नेता येतो. बेटाला असा रस्ता नाही. जी बाटली लाँचमधून आली, ती लाँचमधूनच परत जावयास हवी. नाही तर ती तेथेच राहणार, किंवा समुद्रात जाणार. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांना व थर्माकोलच्या ताटवाट्यांना बंदी झाली, तरी पाण्याच्या बाटल्या शाबूत आहेत. पायऱ्यांवरील माकडे त्या प्रवाशांच्या हातून हिसकावून घेतात आणि झाडीत टाकतात. त्या वेचावयास कोणी पर्यटक परत फिरत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर प्रवासी जे भाडे देतो त्यात त्याच्या येण्याचा पुरा खर्च धरलेला नसतो. उरलेला भाग यजमानाच्या खाती पडतो. लेणी पाहण्यासाठी भारतीय प्रवाशाकडून घेतले जाणारे ४० रुपये पुरातत्त्व खात्यामार्फत केंद्राकडे जातात. लाँचचे भाडे लाँचमालकांकडे जाते, आणि ते रास्तही आहे. ग्रामपंचायतीच्या पदरी पडतो तो माणशी किरकोळ प्रवासी कर. सुमारे बाराशे वस्तीच्या गावाने एवढ्यावर पाहुण्यांचा केर काढावा, ही अपेक्षा न्याय्य आहे काय?

यासाठी उत्सव बंद करा, असे म्हणणे सोपे आणि चुकीचे आहे. काकडी, कैरी, बोरे विकणाऱ्या बाया, लहान खाणावळी, पायऱ्यांवरील दुकाने या साऱ्यांची चूल पाहुण्यांवरच पेटते. म्हणून जाणाऱ्याने जावे, पण जाण्याची रीत बदलावी. गेटवेवर स्वतःची मोटार नेण्यात शहाणपण नाही. चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत लोकलने आणि पुढे बेस्टच्या बसने जाता येते. उरणकरांनाही १२ जानेवारी २०२४ पासून लोकल मिळाली आहे. त्यांना मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँचही आहेच. (हे मोरा बंदर उरणचे, बेटावरचे मोराबंदर निराळे.) सोमवारी लेणी बंद असतात आणि रविवारी गर्दी उसळते. शाळांच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांनी तरी मधला वार आणि सकाळची लाँच निवडावी. पाणी घरून धातूच्या बाटलीत न्यावे, जेवण मात्र बेटावर विकत घ्यावे. बहुतेक प्रवासी नेमके याच्या उलट करतात.

सुरक्षिततेचा प्रश्न तर निव्वळ शिष्टाचाराचा नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळून १५ जणांचा बळी गेला. दोष धडक देणाऱ्या बोटीचा होताच. पण लाँचमध्ये परवान्याहून अधिक माणसे होती, हेही नंतर उघडकीस आले. लाइफ जॅकेट मागून घेण्याची प्रवाशाला लाज वाटते, आणि भरलेल्या लाँचमध्ये चढू नये असे म्हणणारा साथीदारांत भित्रा ठरतो. उत्सवाच्या संध्याकाळी, शेवटच्या लाँचसाठी धक्क्यावर रेटारेटी होते तेव्हा हा भिडस्तपणा किती महाग पडेल, याचा विचार आयोजकांनी आधीच करावयास हवा.

महाशिवरात्रीला आसपासच्या किनाऱ्यांवरील लोक होड्या-लाँचमधून घारापुरीला येतात. त्यांना निमंत्रणपत्रिका लागत नाही, मंच लागत नाही, ध्वनिक्षेपकांची भिंतही लागत नाही. ती यात्राही कचऱ्यापासून मुक्त आहे, असा दावा कोणी करणार नाही. पण तिची वेळ दिवसाउजेडाची आहे. शासकीय महोत्सवाने एवढे तरी तिच्यापासून घ्यावे. बेटावरील मैफल दुपारी भरवावी आणि दिवस मावळण्यापूर्वी संपवावी. परतीच्या लाँचमध्ये जेवढ्या जागा तेवढीच तिकिटे विकावीत, त्याहून एकही अधिक नाही. तिकिटाचा ठरावीक हिस्सा पाणी व सफाईसाठी थेट ग्रामपंचायतीकडे जमा व्हावा, आणि तो किती झाला हे आकडे धक्क्यावरच्या फळ्यावर लिहावेत. फळ्याला खडू लागतो. त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करावी लागणार नाही.