आवाज हाही कच्चा मालच



एक काळ असा होता की जिल्ह्याच्या गावी जिनिंगवाल्याला फोन करायचा तर तालुक्याला जाऊन एसटीडीच्या दुकानात बसावे लागे. नंबर माहीत नसला तर १९७ फिरवायचा. पलीकडचे माणूस डिरेक्टरी चाळून नंबर सांगे. आज फोन वावरात आला आहे आणि चौकशीला उत्तर द्यायला यंत्र बसले आहे. तुम्ही बोला, ते ऐकते, उत्तर देते आणि पैसेही मागत नाही. शेतकऱ्याला कोणी काही फुकट देऊ लागले की आम्हाला आधी शंका येते. या फुकटाचा हिशेब मांडायला हवा.

तो हिशेब अमेरिकेत एकदा उघड झाला आहे. तेथे टेलिफोन कंपन्या नंबर सांगण्याचे पैसे घेत. २००७ साली गूगलने तीच सेवा फुकट सुरू केली. फोनवर दुकानाचे आणि गावाचे नाव बोलायचे, यंत्र नंबर शोधून जोडून देई. चौकशीचा तिकडचा नंबर ४११, म्हणून सेवेचे नाव गूग-४११. कंपनीला यात काय मिळत होते? लोकांचे आवाज. यंत्राला बोलणे समजावे म्हणून नाना तऱ्हेचे उच्चार हवे होते, हे कंपनीच्या वरिष्ठांनी त्याच वर्षी सांगितले होते. २०१० च्या नोव्हेंबरात सेवा बंद झाली. बोलून शोध घेण्याची सोय तोवर कंपनीने मोबाईलवर आणलीही होती.

कापूस पिकवणाऱ्याला ही गोष्ट नवी नाही. इथली रुई मँचेस्टरला जाई आणि कापड होऊन परत येई. आवाज हाही कच्चा मालच आहे. तो आपण देतो, भाव मात्र पक्क्या मालाला मिळतो.

आपल्याकडे २००४ साली किसान कॉल सेंटर सुरू झाले. तेथे शेतकऱ्यांनी विचारलेले प्रश्न सरकारने खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर जिल्हावार, पीकवार ठेवले. कोणत्या भागात कोणत्या किडीची विचारणा होते, हे औषध कंपनीला घरबसल्या वाचता येते. प्रश्न विचारणाऱ्याच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो तक्ता आम्ही कधी पाहिला नाही. २०२२ साली ‘भाषिणी’ आली. त्यात लोकांनी आपला आवाज द्यावा म्हणून ‘भाषादान’ मांडले आहे. २०२३ साली पीएम-किसानच्या चौकशीसाठी ‘किसान ई-मित्र’ आले. लेव्ही देऊन झाली, आता दान!

मग यंत्राशी बोलूच नये का? तसे आम्ही म्हणत नाही. तंत्रज्ञानाला विरोध ही आपली रीत नव्हे. टेलिफोन एकट्या सरकारच्या हाती होता तेव्हा कनेक्शनसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९९४ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना वाट दिली आणि पुढे फोन गावागावांत पोचला. शिवाय आपण बोललो नाही तर यंत्र फक्त पुण्या-मुंबईची मराठी शिकेल. “पऱ्हाटीवर लाल्या आला” म्हटले तर ते कोणा लाल्याची चौकशी करील.

लाल्या हा शब्द समजला तरी काम संपत नाही. पान लाल होते ते कधी नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडल्याने, कधी तुडतुड्यांनी, कधी साचलेल्या पाण्याने, कधी रात्रीच्या थंडीने. शेती शिकलेला माणूस आधी चार उलटे प्रश्न विचारतो. यंत्राने ते न विचारता फवारणी सांगितली तर औषधाचे पैसे गेले, मजुरी गेली आणि पीकही गेले. ज्वारीच्या पोंगेमरीचे तेच. खोडमाशीचा उपाय पेरणीच्या वेळीच करायचा असतो. पोंगा वाळल्यावर औषध सांगणारे यंत्र शेतकऱ्याचे नसते, दुकानदाराचे असते.

म्हणून जिल्हा बैठकीत चार मागण्या ठरवाव्यात, असे आम्ही सुचवतो. पहिली, आमचा आवाज साठवायचा तर आधी आमच्या भाषेत विचारा आणि नाही म्हणणाऱ्यालाही उत्तर द्या. दुसरी, आमच्या प्रश्नांचा तक्ता त्याच आठवड्यात गावात लावा. तिसरी, सल्ल्याची नोंद शेतकऱ्याच्या हाती द्या आणि चुकीच्या सल्ल्याची भरपाई कोणी करायची ते आधी लिहून द्या. चौथी, ही सेवा साध्या बटणाच्या फोनवरही चालू द्या आणि अडले तर माणूस जोडून द्या.

दान नको, लूटही नको. कापसाला मागतो तसाच आवाजालाही दाम मागायचा आहे. बैठकीला येताना, यंत्राला न कळलेले आपल्या शिवारातले दहा शब्द लिहून आणा.