जुने वाहन खालून पाहावे



दिवाळीचा हंगाम आटोपला की आपल्या पुसद परिसरातील अनेक दुकानांत एक विषय हमखास निघतो. मालाच्या ने-आणीसाठी एखादी जुनी पिकअप घ्यावी काय? नवी गाडी परवडत नाही आणि रोजचे भाडेही जड जाते, तेव्हा हा विचार व्यवहाराला धरूनच आहे. शिरपूर, कारंजा, मुक्तागिरी येथे सहकुटुंब जाता यावे म्हणून दोन-तीन घरांनी मिळून जुनी प्रवासी गाडी घेतल्याचेही मी पाहिले आहे. गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याने अशीच एक गाडी पसंत केली. "काका, तुम्ही बँकेत होतात, कागद तुम्हीच पाहा," असे म्हणून त्याने मला बोलावले. कागद मी पाहिले. परंतु त्याआधी गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घ्यायला लावली. त्यामागे एक जुना अनुभव आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. एका तरुण किराणा व्यापाऱ्याने जुन्या पिकअपसाठी कर्ज मागितले. नोंदणी पुस्तिका, विमा, योग्यता प्रमाणपत्र, मूल्यांकनाचा अहवाल सारे यथास्थित होते. गाडी शाखेसमोर आणली गेली. तिचा लाल रंग नवाकोरा चमकत होता. मी तिच्या चारही बाजूंनी फिरलो, इंजिन सुरू करून पाहिले आणि सही केली. पहिल्याच पावसाळ्यात तेलाचे डबे उतरवताना हौद्याचा पत्रा खचला आणि हमालाचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. त्याला टाके पडले, दोन महिने काम सुटले. त्या व्यापाऱ्याने दवाखान्याचा खर्च दिला, हमालाची मजुरी दिली आणि गाडी वेल्डिंगसाठी पडून असतानाही बँकेचे हप्ते भरले. माझ्या फाईलमध्ये मात्र एकही त्रुटी नव्हती. ही गोष्ट मला आजही बोचते.

गाडी वरून शाबूत दिसते आणि खालून सडते, याची कारणे साधी आहेत. आपल्याकडील काळी माती चिकट असते. ती चाकांच्या कमानीत आणि चेसिसच्या कोपऱ्यांत बसते आणि ओल धरून ठेवते. मीठ, पोटॅश अथवा इतर खतांची पोती वाहिलेल्या गाडीत त्यांचे कण पत्र्याच्या सांध्यांत साचतात, हवेतील ओलावा ओढतात आणि लोखंड खातात. प्रवासी गाडीत पत्र्यावर प्लायवूड आणि त्यावर रबरी आच्छादन असते. दाराच्या फटीतून किंवा वातानुकूलन यंत्रातून गळलेले पाणी त्याखाली मुरते. वरचे आच्छादन स्वच्छ राहते आणि खालचे लाकूड कुजते.

तपासणी दिवसाउजेडी करावी. गाडी आदल्या दिवशी धुऊन आणू नये, असे विक्रेत्याला आधीच सांगावे. सोबत विश्वासू मिस्त्री, टॉर्च, स्क्रू-ड्रायव्हर आणि पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक असावे. प्रथम आत चढून संपूर्ण तळावर टाचेने दाब देत चालावे. दाराजवळ, चाकांच्या कमानीलगत आणि मागच्या कडेला विशेष लक्ष द्यावे. पाऊल किंचितही दबले किंवा स्प्रिंगसारखे उसळले, तर आच्छादन उचलून पाहिल्याशिवाय पुढे बोलू नये. कुबट वास हीदेखील खूण आहे.

नंतर गाडीखाली पाहावे. चेसिसच्या दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे तुकडे आणि पाटे जिथे अडकवलेले असतात ते कंस, या तीन जागा महत्त्वाच्या. हात फिरवल्यावर तांबूस भुकटी लागली, तर तो वरवरचा गंज; घासून त्यावर लेप देता येतो. पापुद्रे सुटत असतील तर लोखंडाची जाडीच कमी झालेली असते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. चांगला पत्रा खणखणतो, सडका भद्द वाजतो. जिथे चुंबक धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर असण्याचा संभव असतो. चेसिसवर ओबडधोबड वेल्डिंग किंवा ठिगळ दिसले तर कारण विचारावे. जुन्या गाडीला खालून नुकताच काळा लेप दिलेला असेल, तर तो कशासाठी दिला, हेही विचारावे. चेसिसवर ठोकलेला क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी ताडून पाहावा. तो घासलेला वाटला तर तो व्यवहार तिथेच सोडावा.

एक सूचना कळकळीची आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. खड्डा असलेले गॅरेज गाठावे; नसेल तर भक्कम आधार आणि चाकांना अडणी लावूनच मिस्त्रीला काम करू द्यावे.

नोंदणी क्रमांकही काही सांगतो. एमएच-२९ म्हणजे आपला यवतमाळ जिल्हा. एमएच-०९ कोल्हापूर, एमएच-१० सांगली आणि एमएच-०८ रत्नागिरी. कोल्हापूर-सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये आणि चिपळूणात जुलै २०२१ मध्ये महापूर आला होता. तिकडची प्रत्येक गाडी पुरात बुडालेली नसते. परंतु असा क्रमांक असल्यास सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे काय ते पाहावे, सीटखालचे स्क्रू गंजले आहेत काय ते पाहावे. विम्याच्या पॉलिसीत दावा न केल्याबद्दलची सूट दिसत नसेल, तर त्याचेही कारण विचारावे.

मालवाहू गाडी रिकामी करून वजनकाट्यावर न्यावी. नोंदणी पुस्तिकेत रिकाम्या गाडीचे वजन लिहिलेले असते. प्रत्यक्ष वजन त्याहून बरेच अधिक भरले, तर हौद्याला जादा पत्रे मारलेले असू शकतात आणि तेवढा माल आपल्याला कमी भरता येईल.

कागदांत बँकेचा बोजा उतरल्याचा नमुना ३५, हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० आणि गाडी दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतील असल्यास नमुना २८ हे पाहावेत. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते आवश्यकच आहे. तरी रबरी आच्छादनाखालचे कुजलेले लाकूड त्या कागदावर दिसत नाही.

पुतण्याच्या गाडीचे कागद निर्दोष निघाले. मागच्या दाराजवळ मात्र पाऊल दबले. आच्छादन उचलले तेव्हा प्लायवूडचा भुगा हाताला लागला आणि खालची आडवी पट्टी एका टोकाला सुटलेली दिसली. शेवटच्या सीटवर आमच्या वहिनी आणि नातवंडे बसायची होती. विक्रेता सज्जन होता. त्यालाही हे ठाऊक नव्हते. त्याने दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करण्याची तयारी दाखवली. मिस्त्रीने किती आडव्या पट्ट्या बदलाव्या लागतील हे आधी सांगता येणार नाही म्हटल्यावर पुतण्याने हात जोडून निरोप घेतला. मिस्त्रीला पाचशे रुपये दिले. ते वाया गेले असे घरात कोणालाही वाटले नाही.

आपण जसे घेतो तसे विकतोही. आपली जुनी गाडी विकताना तळाची खरी अवस्था आपण होऊन सांगावी. दोन-चार हजार कमी येतील. पण उद्या त्या हौद्यात उभा राहणारा हमाल कोणाच्या तरी घरचा कर्ता असतो.