टॉवर पलीकडचा, गाव अलीकडचं

चोर्ला घाटातून बेळगावकडे येणारा माणूस 'हॅलो, हॅलो' करतच कणकुंबी गाठतो. दोष हँडसेटचा समजून लोक फोन बदलतात, सिम बदलतात. कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. दूरसंचारच्या हिशेबात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो, बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये. एका सर्कलचा टॉवर सुटून दुसऱ्याचा लागला की चालू कॉल अनेकदा तुटतो. डोंगर आणि जंगल आहेच वर.

हद्दीवरच्या गावात घरी बसूनही असं होत असेल, तर सेटिंगमध्ये आपल्या सर्कलचं नेटवर्क हाताने निवडून बघा (प्रवासाला निघताना परत 'ऑटोमॅटिक' करायला विसरू नका). घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग सुरू करा.

नुसती गैरसोय म्हणून हे सोडून देता येत नाही. रात्री १०८ लावला आणि मोबाईलने पलीकडचा टॉवर धरलेला असला, तर फोन त्या राज्याच्या कंट्रोल रूमला जाऊ शकतो. मग आधी आपण कुठल्या राज्यात आहोत ते समजावत बसा!

तुटलेल्या कॉलमागे १ रुपया भरपाईचा ट्रायचा नियम सुप्रीम कोर्टाने मे २०१६ मध्ये रद्द केला. कॉल तुटण्याची मर्यादा २ टक्के आहे, पण ती मोजतात अख्ख्या सर्कलची. बेंगळुरूच्या कॉलच्या ढिगात कणकुंबी कुठे दिसणार? म्हणून प्रत्येक तक्रार वेळ आणि ठिकाणासह नोंदवा, डॉकेट नंबर जपून ठेवा. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील विभागाकडे ३० दिवसांत जाता येतं.