सफरचंदाच्या पायवर चेडर
सफरचंदाच्या पायसोबत चीज खाणं ही यॉर्कशायरची जुनी रीत. अमेरिकेतल्या व्हरमाँटने तर १९९९ च्या कायद्यात ती घातली, आणि चेडरच्या कापाचं किमान वजनही ठरवलं: अर्धा औंस! (सरकारं काय काय मोजतात.) गोडात चीज कशाला, हा आक्षेप चक्क्यात आमरस घालून आम्रखंड करणाऱ्यांनी तरी घेऊ नये. नुसत्या साखरेने दोन घासांत तोंडाला मिठी बसते. मुरलेल्या चेडरचा खारटपणा तीच गोडी खुलवतो, आणि सफरचंदाचा आंबटपणा चीज जड वाटू देत नाही. फळाला पाणी सुटून पारी ओली पडते, ही तक्रार मात्र खरी. म्हणून फोडी आधी साखरेत ठेवून सुटलेला रस आटवून घ्यावा. प्रोसेस्ड चीजचे चौकोन इथे नकोत, ते नुसतेच खारट लागतात.