कृष्णधवल दैत्य आणि ‘राजमंदिर’चा पडदा

जयपूरच्या भगवानदास मार्गावरील ‘राजमंदिर’ हे चित्रपटगृह १९७६ साली उघडले. त्याची रचना डब्ल्यू. एम. नामजोशी यांची, मुंबईच्या ‘लिबर्टी’ची अंतर्गत सजावटही त्यांचीच. गिलाव्याच्या लाटांनी नटलेले हे सुमारे १२०० आसनांचे सभागृह प्रवासी हवामहालाइतक्याच कौतुकाने पाहतात. पडद्यावर काय चालले आहे, याकडे मात्र त्यांतील अनेकांचे लक्ष नसते. हा दोष सर्वस्वी प्रवाशांचा म्हणता येणार नाही. एवढ्या पडद्यावाचून ज्याचे खरोखरच अडावे, असे काही त्यांना क्वचितच दाखविले जाते. तसे ज्याचे अडते, तो चित्रप्रकार म्हणजे जुना कृष्णधवल दैत्यपट.

उदाहरणादाखल इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ घ्यावा. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी येथील अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हा चित्रपट जपानमध्ये प्रदर्शित झाला. आरंभीच समुद्रात लखलखाट होतो आणि एक नौका पेटून बुडते. तिथल्या प्रेक्षकाला निराळ्या खुलाशाची गरज नव्हती. १९५६ साली अमेरिकेसाठी जी आवृत्ती सिद्ध झाली, तिच्यात एक अमेरिकी वार्ताहर घुसविण्यात आला आणि मूळचा बराच दाह काढून टाकण्यात आला. जगभर पुष्कळांनी पाहिला तो हाच निवलेला ‘गोजिरा’.

हा प्राणी म्हणजे रबरी पोशाखातला माणूस, हे आज शाळकरी मूलही सांगेल. परंतु ही हुशारी लहान पडद्याने दिलेली आहे. हातातल्या पडद्यावर प्रेक्षक दैत्याहून मोठा असतो. त्याची नजर आपोआप शिवणी शोधू लागते. मान वर करून पाहावे लागले की हे नाते उलटते. होंडांनी दैत्याला टोकियोवर सोडले ते रात्री, आगीच्या पार्श्वभूमीवर. त्याचे अर्धे शरीर काळोखाचेच आहे. तो काळोख एका मोठ्या सभागृहाच्या काळोखात मिसळावा, अशीच ती योजना आहे. आणि आवाज! संगीतकार इफुकुबे यांनी चामड्याचा हातमोजा एका जाड तंतुवाद्याच्या सैल तारांवर घासून ती डरकाळी मिळविली. नाट्यशास्त्राने विकृत ध्वनीची गणना भयानकाच्या विभावांत केली आहे, त्याचे याहून चोख उदाहरण सापडणे कठीण.

मात्र ‘गोजिरा’ भयानकावर थांबत नाही. दुसऱ्या दिवशीच्या इस्पितळात एका लहान मुलाजवळ किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र धरले जाते, आणि रस बदलतो. हे दृश्य लहान पडद्यावर नुसते कळते. मोठ्यावर ते सोसावे लागते.

आपल्याकडे हा प्रकार नव्हता, असे म्हणण्याची घाई करू नये. दादासाहेब फाळके यांच्या ‘कालियामर्दन’मध्ये (१९१९) त्यांच्याच कन्येने, मंदाकिनीने, साकारलेला बाळकृष्ण पाण्याखाली महासर्पाशी झुंजतो. फरक आहे तो शेवटाचा. पुराणातल्या कालियाला अभय मिळते, यमुना सोडून जाण्याची वाट मिळते. गोजिराला ती नाही. ज्या मानवनिर्मित संकटाने तो जागा झाला, त्याला अभय देणारा कोणी उरलेला नाही. हे दोन दैत्य एकाच पडद्यावर लागोपाठ दाखविले, तर तौलनिक अभ्यासाचे अर्धे सत्र तिथेच पार पडेल.

फाळक्यांचा चित्रपट निदान उरला आहे, तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे. १९६६ साली मुंबईत निघालेला ‘गोगोला’, म्हणजे गोजिराचा देशी भाऊबंद, हरवलेला मानला जातो; गाणी आणि जाहिराती तेवढ्या उरल्या. दर्जाने तो सामान्य असेलही, पण सामान्य गोष्टीही पाहूनच ठरवायच्या असतात.

अशा खेळांना गर्दी होणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मागणी रोजच्या खेळाची नाही. महिन्यातून एक सकाळ, संग्रहालयाची प्रत, विद्यार्थ्यांना परवडेल असे तिकीट, एवढे जयपूरच्या विद्यापीठाने आणि चित्रपटगृहाने मिळून सहज करावे. जुन्या चित्रपटांची चौकट आजच्यापेक्षा अरुंद असते, त्यामुळे पडद्याच्या दोन्ही कडा रिकाम्या राहतील. तेथे काळे कापड ओढून घ्यावे लागेल.