आधी टायर, मग लिफ्ट

मा. संपादक,


‘थारला आधी लिफ्ट लावा’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला उलटा आहे. थारचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे. लिफ्टने बॉडी उंचावते. अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा जिथल्या तिथे, आणि दगड घासतो तो त्यालाच. त्याला उचलतो फक्त मोठा टायर, तोही व्यासवाढीच्या निम्म्याने. मूळ २५५/६५ आर १८ काढून ३३ इंची घातला, तरी मिळतात जेमतेम २५ मिलिमीटर! वर स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५च्या आसपास पळत असते. पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने लिफ्टनंतर ड्राइव्हशाफ्टचा कोन वाढतो, रबरी बूट लवकर फाटतात. पत्रात याचा उल्लेखही नाही. मावळातल्या चिखलाला मूळ मापाचे ऑल-टेरेन टायर पुष्कळ झाले. शिवाय गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांना आळा घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच.

आपला,
एक वाचक, पुणे