तलावाचे पाणी आणि गॉगलचा खर्च

वार्षिक परीक्षा संपल्या, की शहरोशहरीच्या जलतरण तलावांवर उन्हाळी वर्गांची नोंदणी सुरू होते. प्रवेशशुल्क, पोशाख, डोक्याची टोपी आणि गॉगल असा एकूण खर्च पालकांच्या पुढ्यात येतो. शुल्काविषयी तक्रारी होतात, वृत्तपत्रांकडे पत्रेही जातात. गॉगलविषयी मात्र कोणी फारसा विचार करीत नाही. कोणी ते मुलांचे खूळ समजून फाटकाबाहेरच्या फेरीवाल्याकडून मिळेल तो गॉगल घेतो, तर कोणी एखाद्या विजेत्याचे छायाचित्र पाहून सर्वांत महाग गॉगल आणतो. वरवर पाहता हे दोन निर्णय परस्परविरुद्ध आहेत. पण दोहोंच्या मुळाशी एकच अज्ञान आहे. ग्राहकाचे अज्ञान, बाजाराचे मौन आणि सार्वजनिक सेवेची कुचराई या तिन्ही गोष्टी या चिमुकल्या वस्तूत एकत्र आलेल्या दिसतात. म्हणूनच तिचा विचार थोडा गांभीर्याने व्हावयास हवा.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आपल्या वाडवडिलांनी पाठीला सांगड किंवा भोपळा बांधून विहिरीत उड्या मारल्या, कृष्णा-पंचगंगेच्या पुरातही सूर मारले. त्यांना कुठे गॉगल लागला? आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नव्हते आणि डोके वर ठेवूनच बहुतेक पोहणे होई. आजचे शिक्षण निराळे आहे. चेहरा पाण्यात ठेवून, बाजूला श्वास घेत, तलावाच्या लांबीच्या फेऱ्यांमागून फेऱ्या मारावयाच्या, ही आजची रीत. ज्याचा चेहरा तासभर पाण्यात राहणार, त्याच्या डोळ्यांचा प्रश्न वेगळा असतो.

डोळा पाण्यात का हरतो?

आपल्या डोळ्याची प्रकाशकिरण एकवटण्याची शक्ती मुख्यतः बुबुळावरच्या पारदर्शक पटलाच्या वक्रतेत असते. हवेतून आलेला किरण त्या पटलावर वळतो. पाण्याचा वक्रीभवनांक या पटलाच्या इतका जवळचा आहे, की पाण्यात ही शक्ती जवळजवळ नाहीशी होते आणि सारे अंधुक दिसते. गॉगल काय करतो? तो डोळ्यासमोर हवेचा एक लहानसा कप्पा परत आणून ठेवतो. गॉगलचे खरे काम एवढेच. तो कप्पा कोरडा राहिला तर गॉगल चांगला, पाणी झिरपले तर वाईट. मग किंमत काहीही असो.

गर्ट्रुड एडर्ली या अमेरिकन तरुणीने १९२६ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली, तेव्हा पाणी आत येऊ नये म्हणून तिच्या गॉगलच्या कडा मेणाने बंद केल्या होत्या. ऑलिंपिकच्या जलतरणात गॉगल दिसू लागले ते १९७६ च्या माँट्रिअल स्पर्धांपासून. त्यानंतर सरावाचे तास वाढविणे खेळाडूंना सोपे झाले. कारण पूर्वी हातापायांच्या आधी डोळे थकत. अल्प भांडवलाने श्रमाची उत्पादकता कशी वाढते, याचे विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे हे उदाहरण आहे.

वेष्टनावर काय नसते?

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन करताना दाखवून दिले, की वस्तूचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावू शकतो. या विचाराला पुढे २००१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. गॉगलच्या बाजाराला हे विवेचन चपखल लागू पडते. रंग, आकार आणि कंपनीचे नाव ग्राहकाला दिसते. अतिनील किरण किती अडतात, कड सिलिकॉनची आहे की काही महिन्यांत ताठर होणाऱ्या स्वस्त प्लास्टिकची, वाफ न धरण्याचा लेप खरोखर दिलेला आहे की नुसता छापलेला आहे, हे त्याला दिसत नाही. त्यामुळे शे-दोनशे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंतच्या मालातून तो किमतीलाच दर्जा समजून निवड करतो.

सुदैवाने सर्वांत महत्त्वाचा गुण ग्राहकाला पैसे न मोजता तपासता येतो. पट्टा डोक्यामागे न घेता गॉगल डोळ्यांच्या खोबणींवर अलगद दाबावा आणि हात सोडावा. क्षणभर तो आपोआप चिकटून राहिला, तर कड चेहऱ्याला जुळली असे समजावे. लगेच गळून पडला, तर तो गॉगल त्या चेहऱ्यासाठी नव्हे. पट्टा आवळून ही उणीव भरून निघत नाही. उलट कड एका बाजूने उचलली जाते, डोळ्यांभोवती वळ उठतात आणि पाणी येते ते येतेच. नाकावरचा दुवा बदलता येण्याजोगा असेल तर अधिक बरे, कारण दोन डोळ्यांमधील अंतर प्रत्येकाचे वेगळे. मुलासाठी मोठ्या माणसाचा गॉगल 'वाढत्या अंगाचा' म्हणून घेणे ही तर शुद्ध उधळपट्टी होय. सदरा वाढत्या अंगाचा चालतो. गॉगल चालत नाही.

काचेच्या रंगाचा निर्णय जागेवरून करावा. बंदिस्त किंवा सायंकाळच्या तलावात पारदर्शक काच पुरते. उघड्या तलावात भर उन्हात गडद काच हवी. पण गडद काच म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण, असे समीकरण नाही. ते संरक्षण काचेच्या द्रव्यावर आणि लेपावर अवलंबून असते. म्हणून त्याचा स्पष्ट उल्लेख वेष्टनावर शोधावा.

चष्मा लावणारी मुले

या विषयाची एक बाजू फारशी कोणी मांडीत नाही. वर्गातील कितीतरी मुलांना आज चष्मा आहे. तलावावर आल्यावर हे मूल चष्मा काढून ठेवते आणि त्याच क्षणी त्याचे अर्धे जग पुसले जाते. प्रशिक्षकाने हाताने केलेली खूण, खोल पाण्याची सीमा दाखविणारी दोरी, समोरून येणारा दुसरा मुलगा, काहीच नीट दिसत नाही. मग हे मूल 'भित्रे' ठरते आणि आठवडाभरात येईनासे होते. वास्तविक भीती पाण्याची नसते, न दिसण्याची असते. लघुदृष्टीसाठी तयार नंबराचे गॉगल मिळतात. त्यांचे नंबर बहुधा अर्ध्या-अर्ध्या अंशाने वाढत जातात आणि काही प्रकारांत दोन डोळ्यांसाठी दोन वेगळे नंबर जोडता येतात. तिरकस नंबर असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडून त्याचा ढोबळ समतुल्य नंबर काढून घ्यावा. अशा मुलाच्या बाबतीत गॉगलला चैन म्हणणे, हे शाळेत फळा न दिसणाऱ्या मुलाच्या चष्म्याला चैन म्हणण्यासारखे आहे.

डोळ्यावर बसविण्याची लेन्स लावून पोहणे मात्र टाळावे. पाण्यातील अकांथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव लेन्सच्या आडून बुबुळाला गंभीर संसर्ग करू शकतो. काचबिंदू असलेल्यांनीही वैद्यकीय सल्ला घ्यावा. कारण लहान, घट्ट कडेचे काही गॉगल लावले असता डोळ्यातील दाब वाढतो, असे आढळून आले आहे.

वापराची शिस्त

वस्तू चांगली असून वापर वाईट, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. काचेवर वाफ धरते ती डोळ्याजवळची उबदार, दमट हवा थंड काचेला लागते म्हणून. आतल्या बाजूचा लेप त्या थेंबांचा पातळ, सलग थर करतो आणि त्यातून आरपार दिसते. मुले नेमक्या त्याच बाजूला बोटाने घासतात आणि चार दिवसांत लेप संपवितात. वापरानंतर साध्या थंड पाण्याने गॉगल विसळावा, न पुसता सावलीत वाळवावा आणि कठीण डबीत ठेवावा. काढताना काच धरून पुढे ओढू नये. हात निसटला, तर ताणलेला पट्टा ती काच डोळ्यावर आदळवितो आणि त्यातून गंभीर इजा होऊ शकते. पट्टा मागून उचलून काढणे हीच सुरक्षित पद्धत. कुणाचे डोळे आले असतील, तर त्याचा गॉगल दुसऱ्याने लावू नये, हे सांगावयास नकोच.

आणखी एक गोष्ट. हा गॉगल पृष्ठभागावर पोहण्यासाठी आहे, खोल बुडी मारण्यासाठी नव्हे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. नाक झाकणाऱ्या पाणबुड्याच्या मुखवट्यात नाकावाटे हवा सोडून तो दाब सारखा करता येतो. गॉगलमध्ये तशी सोय नाही आणि त्याचा ताण डोळ्यांवर येतो.

समुद्र आणि नदी

तलावातून समुद्रात गेल्यावर निकष बदलतात. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील स्पर्धा किंवा घारापुरी ते गेटवे ऑफ इंडिया हे मुंबईचे परिचित अंतर घ्या. तेथे तळाशी काळी रेघ नसते. डोके उचलून दूरची खूण शोधावी लागते. म्हणून काच रुंद आणि बाजूचे दिसणारी हवी. आपला किनारा पश्चिमाभिमुख. सकाळी समुद्रात शिरताना सूर्य पाठीशी असतो, पण परतताना तो थेट डोळ्यांवर येतो आणि लाटांवरून चकाकतो. ही चकाकी कमी करणारी ध्रुवित काच तेथे खऱ्या अर्थाने उपयोगी. बंदिस्त तलावात तिच्यासाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ.

नदीविषयी मात्र सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. पावसाळ्यातील गढूळ पाण्यात गॉगल काहीही दाखवीत नाही. प्रवाह, भोवरा, खडक किंवा बुडालेले झाड त्यातून दिसत नाही; दिसते ती फक्त आपली सज्जता, आणि तिने फाजील धीर येतो. शिवाय गॉगल दगा देऊ शकतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये दोनशे मीटर बटरफ्लाय शर्यतीत पाणी भरले. त्याने हातांचे फटके मोजून भिंत गाठली आणि शर्यत विश्वविक्रमासह जिंकली. आपल्या प्रशिक्षकांनी यातून एक नियम घ्यावा : रोज काही मिनिटे गॉगलविना पोहावयास लावावे. विहिरीत किंवा तळ्यात जो अचानक पडतो, त्याच्या डोळ्यांवर गॉगल नसतो. पोहण्याचे शिक्षण शेवटी त्या क्षणासाठीही आहे.

लाल डोळे कोणाचे अपयश?

आता मुख्य मुद्दा. तलावातून बाहेर आलेल्या मुलांचे डोळे लाल होतात आणि 'क्लोरीन जास्त झाले' असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा खरे कारण निराळे असते. क्लोरीन घाम, लघवी आणि शरीरावरच्या मळाशी संयोग पावून क्लोरामाइन ही संयुगे बनवितो. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः त्यांनी. ज्या उग्र वासाला आपण स्वच्छतेची खूण मानतो, तो पुष्कळदा अस्वच्छतेचा पुरावा असतो. अशा वेळी व्यवस्थापन 'गॉगल आणा' असे फर्मावते, तेव्हा ते आपल्या चुकीचा खर्च प्रत्येक पालकाच्या खिशावर टाकीत असते. सार्वजनिक सेवा ढासळली की नागरिक खासगी बचावावर खर्च करू लागतो. नळाचे पाणी गढूळ झाले की घरोघर गाळणयंत्रे येतात, तसेच हे. ज्याला परवडते तो वाचतो आणि ज्याला परवडत नाही त्याचे डोळे लाल राहतात.

पण दोष केवळ व्यवस्थापनाचा नाही. अंग न धुता पाण्यात उतरणारा प्रत्येकजण स्वतःचे दोन मिनिटांचे श्रम वाचवितो आणि त्याची किंमत शंभर जणांच्या डोळ्यांवर लादतो. म्हणून स्नानाची सक्ती गॉगलच्या सक्तीआधी यावयास हवी.

उपाय अवघड नाहीत. तलावाच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे मानक आहे. त्याप्रमाणे रोज होणारी तपासणी, पाण्याचे क्लोरीन आणि आम्लता यांच्या आकड्यांसह, दाराशी फळ्यावर खडूने लिहिली जावी. वेष्टनबंद मालावर किंमत, उत्पादक वा आयातदार यांची माहिती छापण्याचे बंधन २०११ च्या नियमांनी घातलेले आहे. गॉगलच्या बाबतीत त्यात कडेचे द्रव्य आणि अतिनील संरक्षण यांची भर पडावी. पृष्ठभागावर पोहण्याच्या गॉगलसाठी २०२० पासून आंतरराष्ट्रीय मानकही उपलब्ध आहे, तेव्हा कसोटी नव्याने शोधावी लागणार नाही. आणि दुकानदाराने धुतलेला एक नमुना डोळ्यांवर लावून पाहू द्यावा. चपलाही आपण पायात घालून पाहतो. डोळ्यांच्या बाबतीत एवढा आग्रह धरणे म्हणजे चिकित्सकपणा नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला, २०१९ साली नव्याने झाला. वस्तूच्या दर्जाची माहिती मिळणे हा त्याने मान्य केलेला हक्क आहे. हक्क कागदावरून दुकानाच्या फळीपर्यंत उतरतो तो मागणाऱ्यामुळे. या सुट्टीत मुलाला तलावावर नेणाऱ्या पालकाने दोन प्रश्न विचारावेत : दुकानदाराला गॉगलविषयी आणि व्यवस्थापकाला पाण्याविषयी. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक मिळाले, तर पहिल्यावरचा खर्च पुष्कळ कमी होईल.